नाव काढा

मुरबाड
सोमवार, २१ ऑगस्ट २०२३

चि. मिताली हिस,

कळविण्यास अत्यंत दुःख होते की, डोंगरमाळ सेवा मंडळाच्या कार्यालयातील एकमेव संगणकाच्या कीबोर्डावरील ‘के’ हे बटण गुरुवार दि. १७ रोजी दुपारी चहाच्या वेळी, कर्तव्यावर असताना, बसले ते उठलेच नाही. चहा माझा होता की गोजरसरांचा याविषयी दोन मते आहेत. दिवंगत बटणाच्या मागे एकशे तीन बटणे असा परिवार आहे.

एका बटणाचं एवढं काय, असं तू म्हणशील. अगं, आपल्या मराठीचा क त्याच बटणावर बिऱ्हाड करून होता. के गेला त्यासरशी क गेला. आणि क नसलेल्या मराठीत माणसाला एक प्रश्न विचारता येत नाही. कोण, का, कधी, कुठे, कसं, किती, सगळे एका बटणाखाली गाडले गेले. चिटणीस या नात्यानं गोजरसरांना ही अवस्था मनापासून आवडली असावी, कारण नवीन कीबोर्डाचा विषय त्यांनी गणपतीनंतरच्या सभेवर ढकलला आहे. तोवर मंडळात कोणी काही विचारायचं नाही.

म्हणून हे पत्र हातानं. आणि पोस्टानं, कारण मोबाईलवर तू मला बंद करून ठेवलंयस. दोन महिने झाले. मुरबाडहून वाशिंदला पत्र जायला चार दिवस लागतात, तेवढ्यात माणूस चालत जाऊन परत येईल. पत्ता आपल्या मंडळातल्या देवजीनं दिला. त्याला रागावू नकोस, मी चहा पाजून काढून घेतला. हा चहा कीबोर्डावर सांडला नाही.

मुद्द्यावर येते. तू जाताना जी सोय करून गेलीस ती सगळी त्या के वर टांगलेली होती. तू संगणकाला एकदा कामं करून दाखवायचीस, वाडीनिहाय लाव, वर मथळा घाल, पानांना आकडे दे, छाप, आणि तो ती क्रमानं लक्षात ठेवायचा. पुढच्या वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि के एकदम दाबले की सगळं धडाधड आपोआप. मॅक्रो म्हणायचीस तू त्याला. आता के नाही, तर तेच काम मी माऊस धरून अकरा पायऱ्यांत करते, आणि दर वेळी सातव्या पायरीवर घसरते.

बाकी ठीक. स्वातंत्र्यदिनाला मंडळाच्या कामकाजाचं संगणकीकरण केल्याबद्दल माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. “नम्रताताईंनी मंडळाचं नाव काढलं,” असं गोजरसर म्हणाले. शाल बरी आहे. नारळ कुजका निघाला.

वनपट्ट्यांच्या मोजणीची यादी आता एकदम सुटसुटीत झाली आहे. एकशे एक्क्याण्णव नावं, बरोबर सात पानं.

एक सहज विचारते. मॅक्रोनं केलेलं काम परत फिरवता येतं का? एका ओळखीच्या बाईला हवं आहे.

तुझी (हा शब्द वादग्रस्त आहे, माहीत आहे),
नम्रताताई

---

मुरबाड
मंगळवार, २९ ऑगस्ट

मिताली,

उत्तर नाही. पोस्टाचा दोष मानते. पोस्टाला दोष देण्यात एक सोय असते, ते उलट बोलत नाही.

काल कुडाच्या वाडीवरून ठकी आली. तू ओळखतेस तिला, हिंदोळ्यांची, उंच, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघते ती. शनिवारी देवजीनं वाडीत नवी यादी वाचून दाखवली. ती सगळी ऐकून घेऊन ही बाई दुसऱ्याच दिवशी धसईपर्यंत चालत आणि पुढे एसटीनं यायला निघाली होती. रविवार म्हणून कोणीतरी थोपवली.

आल्या आल्या म्हणाली, “देवजीनं माज्या मालकाचा नाव नाय वाचला.”

मी म्हटलं, “बस. नाव काय मालकाचं?”

ती खांद्यापलीकडे बघत म्हणाली, “तुला ठावं नाय? सोमवार झाला का येतो तो.”

देवजीला हसू फुटलं. मला उलगडायला वेळ लागला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून बाई वाराचा पत्ता देत होती. सोमवारनंतर मंगळवार. मंगळू. मी यादी उघडून दाखवली. हे बघ, मंगळू नवसू हिंदोळा. आहे की.

“ह्यो वरला,” ती म्हणाली. न वाचता. नुसतं शेजारच्या रकान्यातलं क्षेत्र देवजीनं सांगितलं त्यावरून. “आमचा व्हाळावरला. वरल्याचा तुकडा वर दांडावर, आमचा खाली व्हाळाच्या पान्याला लागून. वरल्याचा बाप नवसू, आमचाबी बाप नवसू. पन वायले नवसू.”

“मग दुसरं नाव कुठे गेलं?” हे मी देवजीला विचारलं, जसं काही तोच जबाबदार होता.

देवजीनं मान खाजवली. “ताई, ते मॅक्रोनं काढलं असंल.”

ठकी उठून उभी राहिली. “मकरू कोन? बोलव त्याला.”

मिताली, तुला हसू येईल म्हणून सांगते. मकरू बाहेर गेलाय असं मी तिला सांगितलं. दुसरं काय सांगणार होते? तिनं विचारलं, कवा येल? म्हटलं, सांगता येत नाही. ती म्हणाली, “बसतू मी.” आणि चार वाजेपर्यंत बसली. जाताना म्हणाली, “तो भेटला का सांग, व्हाळावरला ऱ्हायला म्हनून. इसरला असंल बिचारा.”

आता खरं काय झालं ते लिहिते. के बसल्यामुळे छापायची सोय गेली. पडद्यावर कोपऱ्यात तू एक बटण ठेवलं होतंस, त्यावर लिहिलं होतं ‘नाव काढा’. आता तूच सांग, आपण प्रिंट काढतो, यादी काढतो, झेरॉक्स काढतो, फोटो काढतो. मला वाटलं त्यानं नावं कागदावर निघतील. मराठीत काढणं या क्रियापदाला एवढे अर्थ आहेत, त्यात माझा काय दोष? सर्दीवरही आपण काढाच देतो. मी दाबलं. दोनशे चौदातली तेवीस नावं निघाली, पण कागदावर नाही.

असं झालं ते. अनवधानानं.

ती परत कशी आणायची ते कळव. उलटटपाली.

नम्रताताई

---

मुरबाड
मंगळवार, ५ सप्टेंबर

मिताली,

तुला आधी दोन पत्रं पाठवली, त्यांत मी बरेच विनोद केले. या पत्रात कमी असतील.

यादी द्यायची शेवटची तारीख पंधरा सप्टेंबर, शुक्रवार. मोजणीवाले त्याच यादीवरून तुकडे मोजणार. यादीत नाव नाही, तर त्या माणसानं दावा सोडला असं धरणार. तसं छापील परिपत्रकातच आहे, मी चार वेळा वाचलं, चारही वेळा तेच निघालं. तेवीस माणसं. ठकीचा नवरा त्यातला एक. ती वरई आणि नागली लावते तो उतार बाविशीत लग्न होऊन आल्यापासून ती कसते, आणि माझ्या एका टिचकीनं तो आता कागदोपत्री कोणाचाच नाही.

तू म्हणशील, कागद बघा. कागद नाहीत. आठवतं ना, एप्रिलमध्ये वाडीवाडीत जाऊन तू गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून थेट भरलं होतंस, प्रत्येक तुकड्याच्या चार कोपऱ्यांचे आकडे, त्या हातातल्या यंत्रावर बघून. आपण कागद वाचवले म्हणून अहवालात एक परिच्छेदही घातला होता. मीच लिहिला होता.

पेन ड्राइव्ह म्हणशील. बटण दाबल्यावर मी नवी यादी लगेच पेन ड्राइव्हवर चढवली, जुनी पुसून. याला काळजी घेणं म्हणतात.

उलट फिरवायचा बाण दाबला. तो करडा होऊन पडला आहे. कंट्रोल-झेड दाबलं, काही नाही. बाजारपेठेतला संगणकवाला मुलगा म्हणाला, काकी, मॅक्रो चालला का आधीचं सगळं विसरतो, मागे जायची वाटच बुजवून टाकतो. त्यानं काकी म्हटल्याचं दुःख करायलाही मला सवड झाली नाही.

देवजी रोज एका वाडीवर जातो. तेवीसपैकी वीस माणसं कळली. नावं कळतात गं, वाडीत विचारलं की कळतात. पण कोपऱ्यांचे आकडे कुठून आणू? यंत्र भाड्याचं होतं, ते केव्हाच परत गेलं. आणि आता रानात छातीएवढं गवत आहे.

गोजरसरांना अजून माहीत नाही. त्यांना वाटतं यादी सात पानांत बसली ही मंडळाची प्रगती आहे.

ठकी गुरुवारी पुन्हा आली होती. पदरातून ओटीभर रानातली करटुली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“हे कोणाला?”

“मकरूला. तुला नाय. त्याला सांग, ठकीनं दिली. काम केला नाय तरी चालंल, पन रागानं नको करू म्हना. आमच्यावर राग हाय का त्याचा?”

“नाही गं. त्याला राग येत नाही.”

“मंग काडला का नाव?”

मी करटुली घरी नेली. चिरली, तिखट-मीठ घालून परतली. मीच खाल्ली, कारण दुसऱ्या दिवशी ती विचारणार होती, मकरूला आवडली का. शुक्रवारी तिनं विचारलं. मी म्हटलं, आवडली.

शनिवारी मी वाशिंदला गेले होते. दुसऱ्याच कामाला. तुझ्या नव्या नोकरीच्या गोदामाच्या फाटकासमोर एक वडापाववाला आहे, बरा करतो. मी तिथे दोन वडापाव खाईस्तोवर उभी होते. सहा वाजता बायका बाहेर पडायला लागल्या, आणि मला एकदम आठवलं की शहापूरची गाडी चुकेल. तू पिवळी ओढणी घेतली होतीस का? कोणीतरी पिवळी ओढणीवाली होती.

काहीतरी लिही. शिव्या लिही. पण त्यांच्याखाली, ते परत येतं का नाही एवढं लिही.

नम्रता

---

मुरबाड
शनिवार, ९ सप्टेंबर

मिताली,

अनवधानानं दाबलं हे खोटं आहे.

‘नाव काढा’ म्हणजे काय ते मला पक्कं माहीत होतं. ते बटण मीच सांगून तुझ्याकडून करून घेतलं होतं. मागच्या वर्षीची यादी एकच नाव दोनदा म्हणून परत आली होती, त्याची धास्ती माझ्या डोक्यात होती. म्हणून मे महिन्यातल्या सभेत मी म्हटलं, दुबार नावं काढून टाकायचा मॅक्रो कर. तू म्हणालीस, ताई, ती दुबार नाहीत. वाडीत मूल जन्मलं की त्या दिवसाचा वार ठेवतात, आठवड्याला वार सातच. आपण शेजारी एक रकाना करू, ओळखीचा. वरला, व्हाळावरला, वाकड्या आंब्याचा. वाडीत तसंच म्हणतात.

मी म्हटलं, ही सरकारी यादी आहे, लग्नपत्रिका नव्हे.

तू म्हणालीस, “ताई, महिन्यात मंगळवार चार येतात. तीन दुबार म्हणून काढायचे का?”

उत्तर नसलं की मी काय करते ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, “तुमच्या वाडीत माणसं झेरॉक्सवर काढतात का गं?” सभा हसली. गोजरसर तर डोळे पुसत होते. तू हसली नाहीस. तू रजिस्टर बंद केलंस, दोन दिवसांत मॅक्रो करून दिलास, आणि जूनच्या अखेरीला वाशिंद.

तुझ्या वडिलांचं नाव मंगळू आहे. माहीत नव्हतं असं मी तीन महिने स्वतःला सांगते आहे. मिताली मंगळू पारधी. तुझ्या नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं होतं, तेव्हा क शाबूत होता.

आणि बटण मी दाबलं ते सत्काराच्या तिसऱ्या दिवशी. खांद्यावर शाल नव्हती, पण होती म्हण. के बसला होता हे खरं, त्याचा याच्याशी संबंध नाही. मला बघायचं होतं की बघा, दाबलं, काही आकाश कोसळलं नाही, यादी उलट नीटनेटकी झाली. तू नसताना तुझ्याशी भांडण जिंकायचं होतं. दोनशे चौदाचे एकशे एक्क्याण्णव झाले तेव्हा मी चक्क म्हटलं, बघ, तेवीस वेळा चुकली होतीस.

नावं ठेवण्यात माझी हयात गेली. आईनं माझं नाव नम्रता ठेवलं, तेवढा एक विनोद घरात माझ्या आधी झालेला. पण मी कधी कोणाचं नाव पुसलं नव्हतं.

तुझ्या मॅक्रोत एक गंमत आहे. यादी छापताना तो मधेच एकदा चुकीच्या रकान्यात जातो, आणि परत येतो. तू शिकवताना चुकली असशील आणि सुधारलं असशील, तेही त्यानं लक्षात ठेवलं. दर वेळी चुकतो, दर वेळी परत येतो. पूर्वी मी त्यावर हसायची. आता रोज तेच आठवतं.

सहा दिवस राहिले. सोमवारी मी गोजरसरांना सांगणार आहे. ठकीला काय सांगू ते कळत नाही. मकरू म्हणजे मीच, एवढं तरी सांगायला हवं.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, चार दिवस परवडणार नाहीत. देवजीबरोबर पाठवते. तो उद्या शहापूरला मावशीकडे जातोय, तिथून तुझ्या वाशिंदच्या खोलीवर आणून देईल. उत्तर नाही दिलंस तरी मी समजेन.

नम्रता

---

मुरबाड
मंगळवार, १२ सप्टेंबर, दुपारी साडेबारा

मिताली,

देवजीनं तुझी चिठ्ठी आत्ता आणून दिली. गोदामाच्या मालपावतीच्या पाठीवर, दीड ओळ. “शीटच्या नावावर उजवी टिचकी, अनहाइड. मंगळवार चारही आहेत. मि.”

उजवीच्या जागी तीनदा डावी टिचकी पडली. देवजी म्हणाला, सरका ताई. मी सरकले नाही.

खाली एक नवीन शीट उघडलं. इंग्रजी अक्षरांत नाव, ‘माणसं’. दोनशे चौदा. कोपऱ्यांचे आकडे सगळे. आणि शेवटी तो रकाना. वरला. व्हाळावरला. वाकड्या आंब्याचा. देवळाच्या पाठचा. दोन बायकांचा. (हा शेवटचा मी बदलू का? सरकारी यादी आहे.)

म्हणजे मी पुसायला सांगितलं, आणि तू मकरूला पहिली पायरी शिकवलीस ती सगळ्यांना आधी उचलून आत लपवून ठेवायची. मग पुसायचं. तुला माहीत होतं मी दाबणार.

आज वार कुठला आहे बघितलंस का?

गोजरसरांना काल सांगून झालं आहे. ते हसले नाहीत. सविस्तर नंतर लिहिते. आता छापायचं आहे, अकरा पायऱ्या.

न.

---

मुरबाड
शनिवार, १६ सप्टेंबर

मिताली,

यादी काल पोचली. नऊ पानं.

मोजणी कचेरीच्या खिडकीतला मनुष्य चष्मा कपाळावर चढवून वाचत होता. तिसऱ्या पानावर थांबला. “बाई, हे एकच नाव दोनदा आलंय. अशी यादी परत जाते, माहीत आहे ना?”

“शेजारचा रकाना बघा.”

“वरला? व्हाळावरला? हे काय आहे?”

“पत्ता आहे.”

“असा पत्ता असतो का?”

माझ्या जिभेवर तीन विनोद आले, तिन्ही चांगले होते. ते गिळले. म्हटलं, “साहेब, महिन्यात मंगळवार चार येतात. तीन दुबार म्हणून काढता का?”

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मग म्हणाला, “बोलायला बऱ्या आहात.”

“हे माझं बोलणं नाही. आमच्या मिताली पारधीचं आहे. हा रकानाही तिचा, यादीही तिची. मी नुसती आणून दिली.”

“असू दे,” म्हणाला, आणि उरलेली सहा पानं बोट लावून वाचून काढली, प्रत्येक जोडीच्या कोपऱ्यांचे आकडे ताडून. माझ्या पाठीमागे रांग वाढत होती. वीस मिनिटं मी त्याच्या बोटाकडे बघत उभी होते, आणि तुला सांगते, लग्नाच्या वेळीही मी एवढी घाबरले नव्हते. शेवटी त्यानं शिक्का मारला. दावेदार दोनशे चौदा, मिळाले, सही, तारीख. पोच सोबत जोडली आहे. झेरॉक्स आहे. (हा विनोद नाही.)

ठकी सकाळपासून बाहेरच्या पायरीवर बसली होती. तिला पोच दाखवली, यादीच्या प्रतीवर बोटानं ओळ दाखवली. तिनं ती ओळ हातानं पुसून बघितली, शाई ओली आहे का म्हणून.

“हे माज्या मालकाचा?”

“मंगळू नवसू हिंदोळा, व्हाळावरला.”

“व्हाळावरला लिवलाय?”

“लिहिलाय.”

तिनं कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, “आन मकरू? त्याला काडला का कामावरनं?”

बघ, काढण्याचा हा एक अर्थ माझ्याकडून राहिलाच होता.

मी म्हटलं, “ठके, मकरू माणूस नाही. यंत्रातलं काम आहे ते. नाव मी काढलं होतं. मी बटण दाबलं, जाणूनबुजून. तुझी करटुली पण मीच खाल्ली.”

तिनं पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं आता पायातली चप्पल निघणार, आणि निघाली असती तर मी हललेही नसते.

“तू खाल्ली?”

“हो.”

“मीठ घालून परतली का वरनं पानी वतला?”

“परतली.”

“मंग ठीक,” ती म्हणाली. “पानी वतला का चव जाते.” पायरी उतरून गेली. फाटकाशी वळली. “तरी त्याला काडू नको गो. जो असंल तो. सांगाल तेवडाच करतो बिचारा. सांगनाऱ्यानं नीट सांगायला पायजे.”

गाडीला वेळ होता तरी ती थांबली नाही.

गोजरसरांनी काय केलं ते लिहायचं राहिलं. सोमवारी सगळं ऐकून त्यांनी सात पानांची यादी घडी करून खणात टाकली. मग म्हणाले, “मीही हसलो होतो, नम्रताताई.” बस एवढंच. आणि काल संध्याकाळी पोच बघून, नवीन कीबोर्डाचा विषय तातडीचा म्हणून सोमवारच्याच सभेत घेतो म्हणाले. तुला परत बोलवायचं पत्रही ते लिहिणार आहेत. ते आलं तर माझ्यासाठी येऊ नकोस, आणि माझ्यामुळे नाही म्हणू नकोस. गोदामात पगार जास्त असेल तर तिथेच राहा. देवजी म्हणतो, पिवळी ओढणी तुझीच होती, आणि तू मला बघितलं होतंस.

आता एक शेवटचं, मग पुरे.

‘नाव काढा’ हे बटण मी काढून टाकलं. पण छापायच्या मॅक्रोचं पान पुन्हा एकदा उघडून बघावंसं वाटलं, तू त्याला काय काय सांगून ठेवलंयस ते. संगणकवाल्या मुलानं उघडून दिलं आणि गेला. सगळ्यात वर एक हिरवी ओळ असते. सुरुवातीला एक टिंबासारखी तिरकी खूण केली की ती ओळ हिरवी होते, मग संगणक ती वाचत नाही, सोडून पुढे जातो. ती फक्त माणसांसाठी. हे कोणी केलं ते तिथे लिहितात.

तिथे माझं नाव आहे. तुझं होतं. सत्काराच्या आदल्या दिवशी पाहुणे संगणक बघायला येणार होते, तेव्हा त्याच मुलाकडून पान उघडून घेऊन मी ते बदललं. एवढं करून कोणी उघडून बघितलंही नाही.

काल सगळे गेल्यावर मी माझं नाव पुसलं आणि त्या खुणेपुढे तुझं लिहिलं. आधी मराठीत नुसतं मिताली लिहिलं, तर त्या खिडकीला मराठी येत नाही, तीन अक्षरं आणि तीन काना-वेलांट्या मिळून सहा प्रश्नचिन्हं उमटली. शेजारी शेजारी, ओळीनं. मी ती थोडा वेळ तशीच राहू दिली.

मग इंग्रजीत लिहिलं. मिताली मंगळू पारधी, पूर्ण. ओळ हिरवी झाली. मी ते साठवलं, संगणक बंद केला आणि कुलूप लावून घरी आले.

के अजून बसलेलाच आहे. तुझ्या नावात तो कुठेच लागत नाही.

नम्रता